भाचीचं लग्न आणि काकाचा स्किझोफ्रेनिया

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली पेपरात, मोबाईलवर सारखं काहीतरी येत असतं, स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास-संशय होणाऱ्या मानसिक आजाराचं, जीन सापडलं, स्कॅनमध्ये आजार दिसला वगैरे. संशोधन चाललंय ते चांगलंच आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण अर्धवट बातमीचा फटका कुठे बसतो ते आमच्यासारख्या घरांना विचारा. माझ्या धाकट्या भावाला हा आजार आहे. सध्या मोठ्या भावाच्या मुलीसाठी स्थळं बघतोय, पोहे-चहा होईपर्यंत सगळं छान चालतं आणि मग कुणीतरी हळूच विचारतं, "काकांचं ते आनुवंशिक असतं ना हो?" एका घरून तर फोन आला की मुलीची जीन टेस्ट करून घ्या, मग पुढचं बोलू.

आनुवंशिक आहे, नाही कोण म्हणतंय? पण किती ते कुणी सांगतच नाही. कुठल्याही 100 माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. सख्ख्या भावाबहिणीला असेल तर 100 पैकी 9-10 जणांना होऊ शकतो, आणि काका-मामाला असेल तर 3-4 जणांना. म्हणजे माझ्या भाचीसारख्या 100 मुली घेतल्या तर 96 जणींना काहीही होत नाही. एकसारख्या जुळ्यांचे जीन्स तर सारखेच असतात ना, तरी एकाला आजार असला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आतबाहेरच आहे.

आणि ती जीन टेस्ट. 2022 साली 'नेचर' या विज्ञानाच्या मासिकात मोठा अभ्यास आला, 76 हजारांच्या वर पेशंट, त्यात जीनोमवरच्या, म्हणजे आपल्या सगळ्या आनुवंशिक माहितीतल्या, 287 जागांचा आजाराशी संबंध सापडला. प्रत्येक जागेचा वाटा अगदी बारीक, आणि सगळ्यांची बेरीज करून स्कोअर काढला तरी समोरच्या एका माणसाला आजार होणार की नाही हे त्यावरून सांगता येत नाही, शिवाय त्यातला बहुतेक डेटा युरोपियन आणि पूर्व आशियाई लोकांचा, म्हणजे आपल्याकडच्या मुलीला तो स्कोअर लावणं आणखीच कच्चं. एक मोठा अपवाद आहे, 22 नंबरच्या क्रोमोसोमचा (जीन्स ज्यावर असतात त्या धाग्याचा) एक तुकडाच नसणं, त्यात साधारण चारातल्या एकाला सायकोसिस होतो, म्हणजे भास-भ्रमांनी खऱ्याखोट्याचं भान सुटतं. पण त्या मुलांना बऱ्याचदा जन्मापासून हृदयाचा किंवा टाळूचा त्रास असतो, तिथे टेस्ट करायची की नाही ते डॉक्टर ठरवतात, लग्न जमवणाऱ्यांनी नाही.

स्कॅनचंही तसंच. 1976 साली लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सीटी स्कॅनवर दाखवलं की जुन्या पेशंटच्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या झालेल्या असतात. तोपर्यंत आईच्या वागण्यामुळे आजार होतो असं म्हणणारे डॉक्टरसुद्धा होते, त्यामुळे त्या कामाचं मोल फार मोठं आहे. 2016 मध्ये दोन हजारांवर पेशंटचे एमआरआय एकत्र बघितले तेव्हा हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग निरोगी लोकांपेक्षा सरासरीने थोडा लहान निघाला. सरासरीने, हे महत्त्वाचं. पुरुष सरासरीने बायकांपेक्षा उंच असतात, म्हणून नुसती उंची ऐकून बाई की पुरुष ते सांगता येतं का? डॉक्टर एमआरआय करायला सांगतात ते गाठ, सूज असं दुसरं काही नाही ना हे बघायला.

आमच्याकडे याचा उलटा त्रास झाला. भावाचा एमआरआय नॉर्मल आला. एका नातेवाईकांनी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, नीट न्याहाळली आणि म्हणाले, "डोकं तर एकदम ओके आहे, नाटकं करतोय पोरगा." घरातले बाकीचे पण डगमगले, गोळ्या बंद झाल्या, आणि दोनेक महिन्यांत टाकीच्या पाण्यात कुणीतरी विष टाकतंय म्हणून तो आंघोळसुद्धा करेना. परत सगळं पहिल्यापासून. नॉर्मल स्कॅन म्हणजे आजार नाही असं होत नाही, याचं निदान पेशंटशी आणि घरच्यांशी बोलून, काही महिने लक्षणं बघूनच होतं, हे तेव्हा कुणीतरी मराठीत लिहिलेलं हाताशी हवं होतं.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत एकाच घरात बरेच जण आजारी असलेल्या भारतीय कुटुंबांचा अभ्यास चाललाय, जीन्स, स्कॅन सगळं धरून, आजारी आणि बरे असलेले दोघेही. असं काम खूप व्हायला हवं आणि आमच्यासारख्या घरांनी त्यात भाग घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं. पण लोक आधीच घाबरलेत, लग्न मोडेल म्हणून आजार लपवतात, डॉक्टरकडे जायला वर्ष-वर्ष उशीर करतात, आणि जितका उशीर तितकं सावरणं अवघड होतं.

तेव्हा एक विनंती आहे. अशी बातमी छापाल तेव्हा "धोका दहापट" एवढंच न लिहिता 100 पैकी किती जणांना ते पण लिहा, ही टेस्ट आज निदानासाठी वापरतात की नाही ते लिहा, आणि खाली टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर द्या, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. दोन-तीन ओळींची तर चौकट लागेल.

आपली,
एक वाचक, सांगली
(भाचीचं लग्न ठरायचंय, कृपया नाव छापू नये)