संगणकाची घरघर सोसायलाच हवी का?

महोदय,

दिवाळीच्या सुमारास वर्तमानपत्रांतून संगणक खरेदीबद्दल भरपूर माहिती येते. प्रोसेसर कोणता, रॅम किती, किंमत काय, सगळं असतं. तो चालू केल्यावर आवाज किती करेल, यावर एक ओळही नसते. मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी घरी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते, त्यामुळे मला ही उणीव फार जाणवते.

माझा संगणक इथल्याच एका दुकानातून असेंबल करून घेतलेला. कामाला उत्तम, पण सुरू झाला की घोंघावायचा आणि माइक तो आवाज जसाच्या तसा टिपायचा. सॉफ्टवेअरने घरघर काढता येते हे खरं, पण तिच्याबरोबर ‘स’ आणि ‘श’ची धारही जाते आणि शब्द पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येतात. इतिहासाचा धडा केवळ कानांनी शिकणाऱ्या मुलीला असं का ऐकवायचं? दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, “असेंबल म्हटलं की एवढं चालायचंच, मॅडम.” हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते अनेकांना मिळत असणार, म्हणून हे पत्र.

माझ्या भाच्याने कॅबिनेटचं झाकण काढलं आणि कागदाची सुरळी कानाला लावून एकेक भाग ऐकला. सर्वांत मोठा आवाज कॅबिनेटच्या पुढच्या दोन फॅनचा निघाला. ते मदरबोर्डला, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किटपट्टीला, जोडलेलेच नव्हते! एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, वायरवरून त्यांना थेट १२ व्होल्ट मिळत होते. मी नुसतं टंकलेखन करत असले तरी ते पूर्ण वेगानेच फिरत. मदरबोर्डवर फॅनसाठी वेगळ्या पिना असतात. तिथे जोडले की तापमान पाहून वेग कमी-जास्त करता येतो. त्यातही एक मेख आहे. चार पिनांच्या फॅनचा वेग पीडब्ल्यूएम पद्धतीने (चौथ्या पिनेवरून संकेत देऊन) बदलतो, तीन पिनांच्या फॅनचा व्होल्टेज कमी करून. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, तीन पिनांच्या फॅनसाठी पीडब्ल्यूएम निवडलेलं राहिलं, तर तो पुन्हा पूर्ण वेगानेच पळतो. तिथे ‘डीसी’, म्हणजे व्होल्टेजने वेग बदलण्याचा पर्याय, निवडावं लागतं. हे काम काही मिनिटांचं आहे आणि संगणक जोडणाऱ्यानेच ते करायला हवं.

वेग कमी केल्याने किती फरक पडतो, हे लोकांना माहीत नसतं. फॅनचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणूनच छोटा फॅन जोरात पळवण्यापेक्षा १२० किंवा १४० मिलिमीटरचा मोठा फॅन सावकाश फिरवणं केव्हाही चांगलं. आम्ही प्रोसेसर ६० अंशांवर जाईपर्यंत फॅन संथ ठेवला, त्यापुढे वेग हळूहळू वाढेल असं लावलं. वेग वाढण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोयही बायोसमध्ये बहुधा असते. ती जरूर वापरावी, कारण एकसुरी आवाजापेक्षा सारखा चढणारा-उतरणारा आवाज जास्त त्रास देतो.

उरलेली गुणगुण जुन्या हार्ड डिस्कची होती. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. तो थरथराट पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये आणि तिथून टेबलात उतरतो. रोजचं काम एसएसडीवर (फिरता भाग नसलेल्या डिस्कवर) आणलं, हार्ड डिस्क रबरी वॉशरवर बसवली आणि कॅबिनेट टेबलावरून खाली घेतलं. खाली ठेवताना तळाची जाळी सतरंजीने झाकली जाणार नाही एवढं बघावं, एसएमपीएस बहुधा तिथूनच हवा घेतो. आवाज कमी व्हावा म्हणून संगणकावर कापड टाकणं किंवा तो बंद कपाटात ठेवणं तर अजिबात नको. उष्णता अडकते, फॅन आणखी पळतात. धुळीचंही तेच. हीट सिंकच्या (प्रोसेसरची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत धूळ बसली की फॅनला जास्त वेगाने फिरावं लागतं. प्लग काढून ब्लोअरने ती उडवताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. एसएमपीएस मात्र घरी उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार उरतो.

निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल असावी, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. ते बाहेरच्या आवाजासाठी आहेत, पण रात्रभर अभ्यास करणाऱ्या मुलाच्या कानाशी, हातभर अंतरावर चालणाऱ्या यंत्राचा विचार कोणी करायचा?

संगणक जोडून देणाऱ्या सर्व दुकानदारांना माझी विनंती आहे, की फॅन मदरबोर्डलाच जोडा, बायोसमध्ये वेग लावून द्या आणि गिऱ्हाइकाला संगणक एकदा पंखा, एसी बंद करून ऐकवा. आपणही खरेदीविषयक माहितीत किमतीशेजारी आवाजासाठी एक रकाना ठेवावा.

आपली नम्र,
एक वाचक, सांगली