आयसी परत बदलू नकोस, आधी हे वाच

उद्यमनगर, कोल्हापूर

प्रिय भावा,

तुझा मेसेज वाचला, मळ्यातली मोटर मोबाईलवरनं चालू करायचा तू बनवलेला बोर्ड तापतोय, आयसी बदलून पण तेच, म्हणून भंगारात टाकतो म्हणतोस, तसलं काय करू नकोस. रविवारी मी वडणग्याला तुमच्या मळ्यात जाऊन आलो, काकांनी स्टार्टरचा डबा उघडून दिला, बोर्ड काढून आणला आणि आता तो माझ्या टेबलावर आहे. बोर्ड चांगलाय रे. ट्रॅक स्वच्छ काढलेत, सोल्डरिंग तर लय भारी केलंयस. तापतोय तो फक्त १२ व्होल्टचे ३.३ करून देणारा रेग्युलेटर आयसी, तो एएमएस१११७, आणि तो खराब पण नाही आणि डुप्लिकेट पण नाही, त्यामुळं कितीबी वेळा नवा लावलास तरी तेवढाच तापणार.

पहिल्यांदा शॉर्ट आहे का बघितलं. १२ व्होल्टच्या वायरीत मीटर सिरीजला टाकला तर करंट १०० मिलिअँपच्या आसपास, आणि आउटपुट ३.३ ला पक्कं. शॉर्ट असता तर करंट कुठच्या कुठं गेला असता आणि व्होल्टेज पार बसलं असतं. मग व्होल्टेजची लाईन पडद्यावर दाखवणारा स्कोप लावला, कारण ह्या १११७ चा आउटपुटचा कपॅसिटर चुकला तर तो ऑसिलेट होतो, म्हणजे व्होल्टेज सारखं वर-खाली नाचतं, आणि मग पण तापतो, डेटाशीटमध्ये २२ मायक्रोफॅरडचा टँटॅलम दिलाय, तू तोच लावलायस आणि लाईन एकदम सरळ दिसली. तिथंही काय नाही.

मग कागद घेतला आणि हिशोब केला, आणि सगळं तिथंच सापडलं बघ. १२ मधनं ३.३ गेले, राहिले ८.७ व्होल्ट, गुणिले ०.१ अँप, म्हणजे ०.८७ वॅट. बोर्ड एकूण १.२ वॅट ओढतोय, त्यातलं ईएसपी३२ ला, म्हणजे बोर्डवरच्या वायफायच्या मुख्य चिपला, जातंय फक्त ०.३३ आणि बाकीचं सगळं त्या नखाएवढ्या आयसीत उष्णता होऊन निघतंय. लिनिअर रेग्युलेटरचं कामच ते, जादाचं व्होल्टेज जाळायचं. त्या आयसीच्या खाली बोर्डवर कॉपर, म्हणजे तांब्याचा थर, कमी असला तर एका वॅटला साधारण ९० अंश वाढतात, म्हणजे आतली चिप बाहेरच्या हवेपेक्षा ७८ अंश वर. माझ्या दुकानात २८ अंश असतात, आत झाले १०६, बिनबोभाट चालतोय. पण मळ्यात पत्र्याचा डबा, वर ऊन, शेजारी मोटरचा मोठा स्विच म्हणजे काँटॅक्टर, दुपारी आत ५० च्या घरात जात असणार, की झाले १२८, आणि ह्याची मर्यादा १२५. म्हणूनच काका म्हणतात रात्री मोबाईलवरनं मोटर चालू होते आणि दुपारी बोर्ड मधेच बंद पडतो. त्यांचं हे एक वाक्य मला मीटरपेक्षा जास्त कामाला आलं, खरं सांगतो.

आणि बोट ठेववत नाही म्हणून चिप गेली असं धरू नकोस, बोट ६० अंशालाच उचलतं, सिलिकॉनला त्याचं काय वाटत नाही.

तू रेग्युलेटरच्या आधी ४७ ओहमचा रेझिस्टर टाकू का विचारलंस. नको. वायफाय ट्रान्समिट करताना ईएसपी३२ चा करंट २४० मिलिअँपपर्यंत उडी मारतो, तेवढ्यात रेझिस्टरवरच ११ व्होल्ट पडतील, रेग्युलेटरला काय शिल्लक राहणार? सीरियलला 'ब्राऊनआऊट', म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याचा मेसेज, येऊन सारखा रिसेट होईल, म्हणजे आता दुपारी रडतोय तो मग रात्रीपण रडेल.

आत्ता आहे त्याच बोर्डला एलएम२५९६ चं छोटं बक मॉड्यूल, म्हणजे जादाचं व्होल्टेज असं न जाळता कमी करणारं, रेग्युलेटरच्या आधी लाव आणि ५ व्होल्टला सेट कर, पण बोर्डला जोडायच्या आधी मीटर लावून सेट कर बरं का, त्याची व्होल्टेज सेट करायची पॉट कुठंपण फिरवलेली येते. मग १११७ वर राहतात १.७ व्होल्ट, म्हणजे ०.१७ वॅट, वाढ जेमतेम १५ अंश. त्या ५० अंशाच्या डब्यातपण ६५ ला थांबतंय. मी इथं तसंच जोडून सकाळपासनं चालू ठेवलंय, आता आयसीवर बोट आरामात टिकतंय.

पुढच्या व्हर्जनला बक बोर्डवरच घे. आणि १११७ च्या टॅबखाली, म्हणजे त्याच्या रुंद धातूच्या पट्टीखाली, कॉपर भरपूर सोड, पण ध्यानात ठेव, टॅब आतनं आउटपुटला जोडलेला असतोय, ग्राउंडला नाही. गार करायचं म्हणून ग्राउंड प्लेनला चिकटवलास तर ३.३ डायरेक्ट शॉर्ट. ७८०५ ची सवय असलेली लय माणसं इथंच फसतात, त्याचा टॅब ग्राउंड असतो ना.

मॉड्यूल बसवून बोर्ड शनिवारी काकांकडं पोच करतो. डबा पण पत्र्याच्या सावलीच्या बाजूला सरकवूया म्हणालो, ते हो म्हणाले. तू नवीन गर्बर फाईल, म्हणजे बोर्डचा नकाशा, बोर्ड बनवणाऱ्या फॅबला पाठवायच्या आधी मला पाठव, रात्री बसून टॅबचं कॉपर आणि बकच्या करंटचा लूप बघतो, मगच ऑर्डर टाक.

तुझाच,
उद्यमनगरवाला