मामा, तुम्ही पंखे बंद केलेत म्हणून

लॅबमधल्या ती. मामांना शि. सा. न.

परवा प्रॅक्टिकल परीक्षेत मला डी सॉटीचाच ब्रिज आला, माहीत असलेल्या कपॅसिटरशी ताडून अज्ञात कपॅसिटर मोजायचा तो. अज्ञात कपॅसिटर 0.22 मायक्रोफॅरड निघाला. बाहेर आले तेव्हा तुम्ही पुढच्या बॅचची टेबलं लावत होतात, बोलायचं राहून गेलं.

दोन आठवडे त्या ब्रिजनं मला रडकुंडीला आणलं होतं. ब्रिज जुळला की हेडफोनमधली 1 किलोहर्ट्झची शिट्टी थांबायला हवी; माझी कमी व्हायची, पण जायची नाही. रेझिस्टन्स बॉक्सवर 2100 ओहमला जेवढी, तेवढीच 2300 ला. सरांना विचारलं तर म्हणाले, "मागच्या वर्षीचं जर्नल बघ, उत्तर तेच येतं." सीनियर ताईनं तर रीडिंग्ज लिहूनच दिली. मला उत्तर नको होतं हो! आवाज का जात नाही, एवढंच कळायला हवं होतं.

तुम्ही आलात, माझ्याकडे एकदा बघितलंत आणि सरळ जाऊन लॅबचे सगळे पंखे बंद केलेत. एप्रिलची दुपार, पोरं ओरडली. "दोन मिनिटं गप्प बसा रे, तिला ऐकू द्या." हेडफोनचा एक कान मला दिलात, दुसरा स्वतःच्या कानाला लावलात. तुमच्या कानशिलावरून घाम ओघळून कॉलर भिजत होती, पण हेडफोन धरलेला हात हलला नाही.

"हा जुना कागदी कपॅसिटर, थोडी वीज खातो. ज्याच्याशी ताडतेस तो अभ्रकाचा, तो खात नाही. मग दोघांचं जमेल कसं?" असं म्हणत अभ्रकाच्या कपॅसिटरला तुम्ही आणखी एक रेझिस्टन्स बॉक्स जोडलात, एकेक प्लग मलाच काढायला लावलात. 32 ओहमला शिट्टी विरली. त्यानंतर 2200 च्या अलीकडे-पलीकडे दहा ओहम सरकलं तरी ती परत यायची. अँप्लिट्यूड (लाटेची उंची) आणि फेज (लाटेची वेळ) दोन्ही जुळावं लागतं, हे फळ्यावर दहादा लिहून घेतलं होतं. ऐकलं त्या दिवशी.

शिकवणं तुमच्या कामात धरलेलं नाही, त्याचा पगार नाही. समोरच्या पोरीचं अडलंय, एवढं कारण तुम्हाला पुरलं. असा माणूस भेटला की कॉलेजला यावंसं वाटतं, मामा.

जर्नलमध्ये 32 ओहमच्या शेजारी मी "मामांनी दाखवल्यावरून" असं लिहिलंय. सरांनी ते खोडायला सांगितलं होतं. मी खोडलेलं नाही.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची