मंजे, तू जिंकलीस

प्रिय मंजे,

सात महिने पत्र नाही, तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. कारणं देत बसत नाही, तू ती लाल पेनाने तपासशील. गुडघा बरा आहे, साखर आटोक्यात. झालं.

आज लिहायला बसले, कारण दुपारी जे पाहिलं ते इथे कोणाला सांगितलं तर सगळे समजूतदारपणे मान हलवतील. तू आधी हसशील. मला ते हसणंच हवंय. टाकी नंबर तीन आठवते ना? आता हस.

मंगळवारी हॅचरीत वाढवलेले माझे चिनुक, म्हणजे सालमन मासे, नदीत सुटणार. सोडण्याआधीची तपासणी म्हणून साठ मासे घेतले. वरून काय देखणे दिसत होते, काय सांगू! अंगावरचे उभे काळपट पट्टे पुसले गेलेले, चंदेरी झाक आलेली, हातात धरलं की खवले बोटांना चिकटतात. समुद्रात जायला निघालेला स्मोल्ट असाच दिसतो. सरासरी लांबी तर माझ्या काळात इथे कधी नव्हती एवढी. साहेबांनी पाठ थोपटली. मग पोटं उघडली.

या वयाच्या नराचं वृषण दोऱ्यासारखं असतं, शोधावं लागतं. आज कितीतरी नरांत शोधावंच लागलं नाही. पांढरट, जाडसर पट्टी सरळ समोर. दोन्ही हातांची बोटं मोजून संपली तेव्हा मी मोजणं थांबवलं, हात धुतले आणि बाहेर रेसवेच्या, म्हणजे वाहत्या पाण्याच्या लांब हौदाच्या, कठड्यावर जाऊन बसले.

तुला फोड करून सांगायला नको, तरी सांगते. हे नर येत्या शरदात पिकणार, म्हणजे प्रजननाला तयार होणार. वीतभर अंगाने. समुद्र न बघता. थोडं खाली जातील, परत फिरतील, नाहीतर इथेच घुटमळत नदीतल्या पिल्लांच्या तोंडचा घास पळवतील. त्यांचे भाऊ दोन-तीन वर्षं समुद्रात काढून काही किलोंचे होऊन येतील, तेव्हा हे कधीच मेलेले असतील. रोग म्हणावा तर तोही नाही. रानटी माशांतही असे थोडे असतात. मोठे नर मादीपाशी एकमेकांना ढुशा देत असतात, तेवढ्यात हा बुटका दगडाआडून येतो आणि कार्यभाग उरकून जातो. (तुझ्या त्या नाटकवाल्याची आठवण झाली. नाव घेत नाही.) पण रानात थोडे, आणि माझ्याकडे एवढे! अमेरिकेतल्या याकिमा नदीवरच्या हॅचरीतही सुरुवातीच्या वर्षांत निम्म्याच्या आसपास नर असेच निघाले होते, 2004 साली त्यावर पेपर आला. मी तो वाचलाय, मंजे. अधोरेखित करून वाचलाय. म्हणून जास्त लागलं.

कारण चूक माझीच आहे. नराचं शरीर हा हिशेब जवळजवळ वर्षभर आधी करतं, पहिल्याच शरदात. अंगावर चरबी किती, वाढीचा वेग किती. जमा पुरेशी दिसली की घड्याळ सुरू. आणि त्याच दिवसांत मी विहिरीचं उबदार पाणी जास्त सोडलं, चरबीचं खाद्य वाढवलं, कारण आलेखाची रेघ वर चढताना बघायला छान वाटत होतं. टाकी तीनमध्येही मी हेच केलं होतं आणि तू ओरडली होतीस, ‘वैजे, वाढ आणि तयारी या दोन गोष्टी आहेत!’ मी तुला आळशी म्हटलं होतं. जोगबाईंसमोर. तो शब्द आज परत घेते. (पाण्याचा पंप तू बंद ठेवला होतास, हे मात्र मी अजून विसरलेले नाही.)

अंडी तर काय सोन्यासारखी निघाली होती! रोजचं तापमान बेरजेत टाकत जायचं. अडीचशेच्या आसपास डोळ्याचा काळा ठिपका दिसला, पाचशेच्या आसपास फुटली. फुटलेल्या जिवाला मला अजून ‘जिरे’ म्हणवत नाही. आपल्याकडच्या माशांचं नुकतं फुटलेलं पिल्लू, म्हणजे जिरे, दिसेल न दिसेल एवढं. हे अ‍ॅलेव्हिन पोटाला शेंदरी बलकाची पिशवी बांधून ट्रेमध्ये आडवं पडलेलं असतं, स्वतःचा डबा घेऊन आल्यासारखं. पुढच्या सगळ्यांना मी सरसकट बोटुकल्या म्हणते. इथल्यांनाही तो शब्द शिकवलाय, ‘बॉटुकली’ म्हणतात.

आणि कानाचं तुला सांगितलं नाही ना? माशाच्या कानातला खडा अ‍ॅरागोनाइटचा असतो. हॅचरीतल्या माशांत तो बरेचदा व्हॅटेराइट या दुसऱ्याच खनिजाचा होतो, ठिसूळ, काचेसारखा. अशा माशाला कमी ऐकू येतं. त्यातही वेगाने वाढवलेल्यांत हे जास्त. रेसवेत ऐकायला असतं तरी काय म्हणा, खाद्य टाकण्याचा आवाज. पण नदीत?

आता खरी अडचण ऐक. हे नर वेचून काढता येत नाहीत, बाहेरून सगळे सारखेच चंदेरी. सगळेच सुटणार. अहवालात लांबी, वजन, ओळखीसाठी कापलेला पाठीवरचा चरबीपर, नाकातली खुणेची मिलिमीटरभर तार, सगळ्याला रकाना आहे. याला नाही. ‘शेरा’ म्हणून एक ओळ आहे, ती मी तीनदा लिहून खोडली. लिहिलं तर पुढच्या तुकडीचं खाद्य कमी करा असंही लिहावं लागेल, आणि ती तुकडी आत्ताच रेसवेत आहे. तिचा शरद अजून यायचाय. कमी खाद्य म्हणजे लहान स्मोल्ट, आणि मोठा स्मोल्ट समुद्रात जास्त तगतो, हेही खोटं नाही. साहेब हेच म्हणतील. मी त्यांच्या जागी असते तर मीही म्हटलं असतं, नव्हे, मागच्या वर्षी म्हटलंच. आता बोलायचं म्हणजे आधी स्वतःचाच आलेख फाडायचा. त्यात निवृत्तीला चौदा महिने उरलेत.

तुझं घराचं काम संपलं का? लेकीला नोकरी लागल्याचं सुध्याकडून कळलं, तिला माझे आशीर्वाद. तुझ्या दाताचं काय झालं तेही कळव. सविस्तर पुढच्या वेळी, खरंच.

एक काम कर. टाकी तीनची निळी वही तुझ्याकडेच आहे, मला माहीत आहे, नाकारू नकोस. शेवटच्या पानांवर तू मासे कापून नोंदी केल्या होत्यास, मला दाखवल्या नव्हत्यास. त्या पानांचे फोटो काढून पाठव. शक्यतो सोमवारच्या आत. शेरा अजून कोराच आहे.

तुझी,
वैजू