बेडकाला दुखतं, बाबा

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, "बेडकाला दुखतं तरी का गं?" हा तुमचा प्रश्न फोनवर अर्धवट राहिला. दुखतं, बाबा. तो कण्हत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही इतकंच. पूर्वी बेडकाला बर्फात गारठवून कापत. गारठला की तो हलत नाही, पण वेदना थांबतेच याची खात्री नसते. म्हणून बर्फाला आता भूल मानत नाहीत. प्रयोगशाळेत आम्ही एमएस-२२२ हे भुलीचं औषध पाण्यात विरघळवतो. त्यानं पाणी आम्ल होतं आणि कातडीला झोंबतं, म्हणून सोबत खाण्याचा सोडा घालतो. औषध कातडीतूनच आत जातं. शुद्धीवर येईपर्यंत अंग ओलं आणि नाकपुड्या पाण्याबाहेर ठेवायच्या, नाहीतर पाण्यात राहणारा हा प्राणीही बुडून मरतो.

आमचे बेडूक झेनोपस जातीचे. यांना जीभ नसते, पुढच्या पायांनी घास तोंडात ढकलतात. मला फार आवडतात. जॉन गर्डन या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये याच जातीच्या बेडूकमाशाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक अंड्यात घालून नवे जीव वाढवले. २०१२ चं नोबेल त्याच कामाला. इतकं देणाऱ्या प्राण्याला निदान पाणी तरी नीट मिळायला हवं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन यांना बाधतं. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीनचंच टिकाऊ रूप, असेल तर पाणी रात्रभर उघडं ठेवूनही भागत नाही, ते काढायला वेगळा उपाय करावा लागतो. हाताळताना हातमोजे ओले आणि बिनपावडरचे हवेत. दुसऱ्या टाकीत हात घालण्याआधी ते बदलायचेच, कारण बेडकांच्या कातडीला होणारी घातक कायट्रिड बुरशी पाण्यातून आणि ओल्या हातांवरून पसरते.

सरड्यांचं निराळं. त्यांना पिंजऱ्याच्या एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा लागतो. कुठे बसायचं ते त्यांचं ते ठरवतात. अतिनील प्रकाश आणि कॅल्शियम कमी पडलं तर हाडं मऊ होतात. शेपटीला धरायचं नाही, बऱ्याच जातींची ती तुटून हातात येते. आजारी सरडा शेवटपर्यंत आजार लपवतो, म्हणून मी रोज पाहते, कोण जेवलं नाही, कोण रोजच्या जागी नाही, आणि वजन लिहून ठेवते. या नोंदी मला औषधांइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

आई, तुझी काळजी रास्त आहे. या प्राण्यांकडून साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूची लागण होऊ शकते. म्हणून प्रयोगशाळेत खाणंपिणं बंद असतं, कोट तिथेच राहतो आणि निघताना साबणाने हात धुतेच.

तुमची,
लेक