'हातच्या'आधी दशक हातात येऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या महिन्यात शेजारच्या घरातला तिसरीत शिकणारा मुलगा आईबरोबर माझ्याकडे आला. त्याच्या वहीच्या एका पानावर तीन वजाबाक्या होत्या आणि तिन्हींवर लाल फुल्या. ५२ मधून २७ वजा करून त्याने ३५ लिहिले होते, ६१ मधून ३४ वजा करून ३३ आणि ८० मधून ४६ वजा करून पुन्हा ४६. पानाच्या तळाशी 'प्रत्येक गणित पाच वेळा लिहून आणणे' असा शेरा होता. मुलगा धांदरट आहे, लक्ष देत नाही, अशी आईची तक्रार होती. वही पाहिल्यावर मात्र मला ती पटली नाही, कारण तिन्ही उत्तरे एकाच नियमाने आली होती आणि तो नियम त्याने कुठेही मोडला नव्हता. धांदरट मुलाच्या चुका अशा एका वळणाच्या नसतात. मी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "बाई, मोठ्यातून लहान वजा करायचं असतं ना!" लहान संख्येतून मोठी वजा होत नाही, हे त्याला पहिलीपासून सांगितले गेले होते. एककाच्या घरात वर २ आणि खाली ७ दिसताच त्याने सातातून दोन काढले. शिकवलेले त्याने निष्ठेने पाळले होते.

मी ३४ वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवले, त्यातली बरीचशी द्विशिक्षकी शाळांत. त्या अनुभवावरून सांगते की गणितात मागे पडलेल्या बहुतेक मुलांची वाट पहिली-दुसरीतच चुकलेली असते. चुकते ती जागाही ठरलेली असते: दहा सुट्ट्यांचे एक दशक होते, ते दशक पुन्हा मोडून सुट्टे करता येते, आणि ५२ मधला ५ हा पाच नसून पन्नास आहे, ही समज. ती नसली तर मुलाला संख्या दिसत नाही, नुसते शेजारी-शेजारी उभे असलेले अंक दिसतात. ८० मधून ४६ गेले आणि ४६ उरले, यात काही बिनसले आहे असे या मुलाला वाटले नाही ते त्यामुळेच.

मराठी मुलाला या वाटेवर आणखी एक चढ चढावा लागतो, आणि त्याबद्दल आपण पुरेशा गांभीर्याने बोललो नाही याची मला खंत आहे. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतो आणि वीस नंतर, पण लिहिताना २ आधी आणि ७ नंतर. पहिलीतले मूल ७२ लिहिते ते कानाने ऐकलेल्या क्रमाने लिहिते. 'एकोणतीस'मध्ये तर तिसाला एक उणा हे गणितच दडलेले आहे. उणेपणा न कळलेल्या मुलाला त्यात 'एक' आणि 'तीस' एवढेच ऐकू येते आणि ते ३१ लिहून मोकळे होते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही रीत चालते आणि ९९ ला अचानक 'नव्याण्णव' येते. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, मग सदुसष्ट, अडुसष्ट; पुढे त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. शंभरापर्यंतचे जवळजवळ प्रत्येक नाव मुलाला वेगळे पाठ करावे लागते. अक्कलकोटकडच्या घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाला 'इप्पत्तेळु' म्हणताना आधी वीस आणि मग सात असे ऐकू येते, म्हणजे ते बोलते आणि लिहिते एकाच क्रमाने. आपल्या मुलांना ही सोय नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असेही वाचन दिले गेले, तेव्हा त्याची विधिमंडळापर्यंत टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. जुनी नावे काढलेली नाहीत, जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने अडखळणाऱ्या मुलांसाठी ही एक पायरी दिली आहे, असे त्या सांगत राहिल्या. पण ऐकून घेण्याची कोणाची तयारी नव्हती. नारळीकर बाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांनी दाखवलेली अडचण मात्र आजही प्रत्येक पहिलीच्या वर्गात बसलेली आहे. मला स्वतःला आपली संख्यानामे प्रिय आहेत, ती जावीत असे मुळीच वाटत नाही. दोन दशके आणि सात सुट्टे समोर ठेवून मूल काही दिवस 'दोन दशक सात, वीस सात, सत्तावीस' असे म्हणत राहिले तर भाषेचे काहीच बिघडत नाही, हे मी माझ्या वर्गात वर्षानुवर्षे पाहिले आहे.

त्या मुलासाठी मी माझे जुने साहित्य काढले: खराट्याच्या हिरांचे बोटभर लांबीचे तुकडे आणि रबर. दहा तुकड्यांचा एक गठ्ठा, असे पाच गठ्ठे आणि दोन सुट्टे त्याने स्वतः मांडले. मग मी म्हटले, "यातले सत्तावीस मला दे." त्याने दोन गठ्ठे चटकन दिले. सात सुट्टे द्यायला गेला तर हाताशी दोनच. तो थांबला. उरलेल्या तीन गठ्ठ्यांकडे त्याने दोनदा पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मी काहीच बोलत नाही असे दिसल्यावर एका गठ्ठ्याचे रबर हळूच काढले. बारा सुट्ट्यांतले सात मला मोजून दिले. दोन गठ्ठे आणि पाच सुट्टे उरले. "पंचवीस," तो म्हणाला, आणि लगेच वही ओढून आपले ३५ खोडले. 'शेजारून उसना घेणे' हे त्याने वर्गात अनेकदा ऐकले होते. पण काय उसने घ्यायचे, कोणाकडून आणि घेतलेला एक इकडे येताच दहा का होतो, हे त्याला रबर काढल्यावर कळले. आपण मुलांना 'हातचा एक' म्हणायला शिकवतो. तो एक दशक असतो हे त्यांच्या हाताला कधी जाणवू देत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, तो आठवडे बाजारात आजीबरोबर भाजी विकायला बसे. १८ रुपयांची मेथीची जुडी, अशा तीन जुड्यांचे किती, असे विचारले की तो क्षणात सांगे, "तीन विसा साठ, सहा कमी, चोपन्न," आणि शंभराच्या नोटेतून ४६ परत देई. त्याच मुलाने पाटीवर १८ गुणिले ३ हे उभे मांडले आणि उत्तर काढले ३२४: तीन आठे चोवीस खाली, तीन एके तीन त्याच्या डावीकडे. बाजारातला हिशेब आणि शाळेतले गणित एकच आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि तेव्हा मीही सांगितले नव्हते. २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथेही हेच आढळले: गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब तोंडी करणारी मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या उदाहरणांवर अडली, आणि शाळेत जाणारी मुले बाजारातल्या हिशेबावर. तो वाचताना मला माझा मेथीवाला विद्यार्थी आठवला. त्याची तोंडी रीत मी फळ्यावर लिहून घेतली असती, २० गुणिले ३ वजा २ गुणिले ३ अशी, तर तो वर्गातला पहिला गणिती ठरला असता.

माझ्या वयाचे अनेक वाचक म्हणतील की आमच्या वेळी तिसापर्यंत पाढे आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ होते, म्हणून आमचे गणित पक्के. पाठांतराला माझा विरोध नाही. सात आठे छप्पन्न हे विचार न करता आठवले पाहिजे. पण पावकी-निमकीची पिढी सोळा आण्यांच्या रुपयात, शेर-पायलीच्या मापात वाढली होती. पाव आणि पाऊण घरात रोज हाताळले जात होते आणि पाठांतर त्या हाताळण्यावर उभे होते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, मापेही बदलली, आणि पावकीच्या खालची ती जमीन सरकली. आज मुलाला पाढे जरूर पाठ असावेत, पण सातआठचे विसरले तर सात पंचे पस्तीस आणि सात त्रिक एकवीस मिळवून छप्पन्नला पोचता येते, हेही त्याला ठाऊक असावे. ज्याला ही वाट माहीत आहे, त्याला विसरण्याचे भय राहत नाही.

'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी येत होती. तिथे विचारली जाते ती दोन अंकी, उसना घ्यावा लागणारी वजाबाकी, म्हणजे माझ्या शेजारच्या मुलाच्या वहीतलीच. २०२२ मध्ये हा आकडा २५.९ होता, म्हणजे सुधारणा आहे आणि ती करणाऱ्या शिक्षकांचे कौतुक केले पाहिजे. तरीही तीन मुलांतली दोन अडलेली आहेत. तिसरीपर्यंत वाचन आणि अंकज्ञान पक्के व्हावे म्हणून २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झाले. त्याची मुदत २०२६-२७ आहे. या मुदतीच्या धाकाने तक्ते आणि चाचण्या वाढल्या, तर दशक हाताळायला लागणारा वेळच आधी कापला जाईल, ही माझी भीती आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक मिळतात. दोघांनी सगळ्या इयत्ता सांभाळायच्या, ऑनलाइन माहिती भरायची, पोषण आहाराच्या नोंदी ठेवायच्या, आणि त्यातून चाळीस मिनिटे एका मुलासमोर गठ्ठे मांडून गप्प बसायचे. असे गप्प बसणे हेच शिकवणे आहे, हे वरून तपासायला येणाऱ्यांनी मान्य केले पाहिजे. माझ्या शाळेच्या एका तपासणीत साहेबांनी मुलांच्या हातात हीर पाहून 'खेळ चालला आहे का?' असे विचारले होते, ते मी विसरलेले नाही.

माझे शिक्षण विभागाला मागणे मर्यादित आहे. पहिली-दुसरीत उभ्या मांडणीची बेरीज-वजाबाकी काही महिने पुढे ढकलावी आणि तो वेळ गठ्ठे, मणिमाळ आणि खोट्या नोटा यांना द्यावा. अनेक शाळांना मिळालेल्या गणित पेट्या खराब होतील म्हणून कपाटात ठेवल्या जातात. पेटी हरवली-मोडली तर शिक्षकाकडून भरपाई मागितली जाणार नाही, एवढे लेखी कळवले तरी त्या बाहेर येतील. चाचणीत निदान एक प्रश्न असा असावा की ज्यात मुलाने उत्तर कसे काढले ते तोंडी सांगायचे आहे, आणि चुकलेल्या उत्तरामागचा विचार शिक्षकाने लिहून ठेवायचा आहे. पालकांनाही एक विनंती आहे. वहीत लाल फुली दिसली तर आधी 'हे कसं केलंस?' असे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकावे.

तो मुलगा आता रोज संध्याकाळी येतो. कालपासून त्याने दहा गठ्ठ्यांना मोठे रबर लावून शंभराचा भारा बांधला आहे, आणि ३०० मधून १ वजा करायला किती रबरे काढावी लागतात ते तो मोजतो आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जुन्नर, जि. पुणे