कासचा मे महिनाही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत कास पठाराची सात छायाचित्रे पाहिली. रंग सुरेख, पण सातही सप्टेंबरातली, आणि एकाखालीही तारीख नाही की वेळ नाही. मी साताऱ्याचा. गेली बावीस वर्षे नोकरी सांभाळून कासच्या एकाच कातळावर ट्रायपॉड लावतो आहे, महिन्यातून एकदा तरी. म्हणून लिहावेसे वाटले.

सप्टेंबरात तेरडा आणि सोनकी इतकी दाटलेली असतात की कॅमेरा कुठेही वळवा, चित्र बरेच येते. माझे पहिले कित्येक रोल तसेच संपले. कास मला उमगले ते मे महिन्यात. तेव्हा दुपारी जांभ्यावर गुडघा टेकवत नाही. काळपट कातळ, त्यात वाटीएवढे खळगे, आणि खळग्याच्या तळाशी बोटभर माती. सप्टेंबरातला सगळा रंग त्या बोटभर मातीतल्या बिया आणि कंदांमधून येतो. उभ्या उन्हात ती माती दिसतच नाही. सकाळी सातच्या आत ऊन आडवे असते, काठाची सावली खळग्यात उतरते आणि मातीचा पातळपणा डोळ्यांना कळतो. हे एक चित्र जमायला मला तीन उन्हाळे लागले. एकदा उशिरा पोचलो, एकदा आभाळ भरून आले.

ते चित्र आणि त्याच खळग्याचे सप्टेंबरातले चित्र मी पुतणीपुढे शेजारी शेजारी ठेवले. आदल्या वर्षी ती फुलांत बसून फोटो काढून आली होती. बराच वेळ बघून म्हणाली, "काका, मी या मातीवर बसले होते?" मी एक शब्द बोललो नव्हतो. निसर्गाचे छायाचित्र हे काम करू शकते, आणि ते त्याने करावे, असे मला मनापासून वाटते.

सुंदर चित्राला माझा विरोध नाही. ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार पीटर डोम्ब्रोव्स्किस यांनी टास्मानियातल्या फ्रँकलिन नदीचे धुक्यातले एक चित्र टिपले होते. होऊ घातलेल्या धरणात त्या नदीचा बराच भाग बुडणार होता. १९८३ च्या ऑस्ट्रेलियन निवडणुकीत ते चित्र पानभर जाहिरात म्हणून वृत्तपत्रांत छापले गेले, आणि धरण झाले नाही. चित्र देखणे होतेच. पण पुन्हा पुन्हा त्या नदीत उतरलेल्या माणसाचे ते चित्र होते.

२०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा ठरली, त्यांत कास आहे. टोपली कारवी हे तिथले झुडूप सात वर्षांनी फुलते. मधल्या सहा वर्षांची तिची छायाचित्रे कुणी मागत नाही; माझ्याकडे ती आहेत.

विनंती एवढीच: पुढच्या पुरवणीत फुलांच्या छायाचित्राशेजारी त्याच जागेचे मे महिन्यातले छायाचित्र छापावे, दोन्हींखाली तारीख व वेळ द्यावी. छायाचित्रे मी विनामूल्य पाठवतो.

आपला,
एक वाचक, सातारा